नमाजांच्या मधल्या वेळेबद्दल

एकाने विचारलंय की पाच नमाज वेळेवर होतात पण मधे दुकान, मोबाईल, नाशिकच्या द्वारका सर्कलचं ट्रॅफिक यात अल्लाहची आठवणच राहत नाही, काय करावं. माझं मत, लगेच जादा वजीफे (रोज ठरावीक वेळा म्हणायचे जप) मागे लावून घेऊ नका, जे तोंडात बसलंय तेच जरा लक्ष देऊन म्हणा, घासाआधी बिस्मिल्लाह, शिंक आली की अलहमदुलिल्लाह, नमाजनंतर 33-33-34 ची तसबीह, म्हणजे सुब्हानल्लाह, अलहमदुलिल्लाह, अल्लाहु अकबर इतक्या वेळा म्हणणं (ती तर आपण एक्स्प्रेस गाडीसारखी पळवतो). पण खरी कसोटी धंद्यात. आमचे मामू जुन्या नाशकात हातगाडीवर द्राक्षं विकतात, पेटी आली की आधी पूर्ण उलटी करतात, गळके मणी कात्रीने काढून वेगळा ढीग, स्वस्तात, गिऱ्हाईकाला दिसेल असा. हदीसमधे, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींत, आहे ना, पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तर आतून ओलं, म्हणाले हे वर का नाही ठेवलंस लोकांना दिसेल असं, फसवतो तो आमच्यातला नाही. कुरआनची 83 वी सूरह (अध्याय) तर मापात मारणाऱ्यांवरच सुरू होते. बाकी रात्री झोपताना दिवसाचा हिशेब घ्या, दोन मिनिटं पुरतात, फक्त मोबाईल आधी दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.