टाच दुखते आहे : आधी बूट बदलावेत की आधी पाय दाखवावा?

सकाळची_फेरी :
नमस्कार. मी साताऱ्यात शिक्षिका आहे, वय ४६. सुरुवातीला शाहू स्टेडियमवर पळत असे. आता आमचा गट रविवारी यवतेश्वरच्या घाटात जातो आणि यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये पहिल्यांदाच उतरण्याचा माझा विचार आहे. अलीकडे सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले, की उजव्या टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला जोराची कळ येते. थोडे चालल्यावर ती ओसरते आणि वर्गात बराच वेळ उभे राहावे लागले, तर संध्याकाळी पुन्हा जाणवते. शिवाय घाट उतरताना अंगठा बुटाच्या टोकावर आपटून एक नख काळे पडले आहे. दुकानदाराच्या मते माझे तळवे सपाट असल्यामुळे मला आधार देणारे महागडे बूट लागतील, गटातील एक जण कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कार्बनची ताठ पट्टी असलेले बूट सुचवतो आणि घरच्यांनी तर टाचेचे हाड वाढले आहे, पळणे बंद कर, असा निकालच देऊन टाकला आहे. मी आधी काय करावे आणि पाय दाखवायचा तर कोणाला?

पोटरी_आणि_पाऊल :
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, तरी आपण केलेले वर्णन प्लांटार फॅसायटिसशी बरेच जुळते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला जो जाड पट्टा पावलाची कमान धरून ठेवतो, त्याच्या टाचेकडील टोकाला सोसवेल त्याहून अधिक ताण पडला, की हे दुखणे सुरू होते. हाड वाढल्याचे म्हणाल, तर टाच अजिबात दुखत नसलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही तसा काटा दिसतो; त्यामुळे केवळ त्याच्यावर ठपका ठेवून पळणे सोडण्याचे कारण नाही.

मात्र एक गोष्ट आजच पाहा. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांमध्ये धरून दाबल्यावर तीव्र दुखत असेल, रात्री विश्रांतीतही ठणकत असेल किंवा सूज असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता राहते. अशा वेळी पळणे तत्काळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. जळजळ आणि मुंग्या असतील तर नस दबलेली असू शकते. दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी अंगही बराच वेळ आखडलेले राहत असेल, तर संधिवाताच्या तपासण्या कराव्या लागतात. केवळ पायांचे तज्ज्ञ, म्हणजे पोडियाट्रिस्ट, आपल्याकडे विरळाच, म्हणून आधी अस्थिरोगतज्ज्ञ आणि त्यानंतर धावपटूंना तपासण्याचा अनुभव असलेला फिजिओथेरपिस्ट हाच सरळ मार्ग आहे. ज्याला आपल्याला काही विकायचे नाही, त्याचे मत आधी घ्यावे, इतकेच दुकानदाराविषयी म्हणेन.

उपचारांत सर्वाधिक भर व्यायामावर असतो. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, एका पायावर ३ सेकंदांत टाच उचलावी, २ सेकंद थांबावे आणि ३ सेकंदांत खाली यावे. हे एक दिवसाआड करावे आणि जमू लागल्यावर पाठीवरच्या पिशवीत हळूहळू वजन वाढवावे. डेन्मार्कमधील २०१४ च्या एका अभ्यासात केवळ तळवा ताणण्याच्या (स्ट्रेचिंगच्या) व्यायामापेक्षा या पद्धतीने तीन महिन्यांनंतर अधिक आराम पडल्याचे दिसले. आपल्या घरांत फरशीवर अनवाणी वावरण्याची सवय असते. टाच बरी होईपर्यंत घरातही मऊ तळाची चप्पल घालावी. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे बरे वाटते, पण पट्टा तुटण्याचा धोका असल्यामुळे तो पहिला उपाय नव्हे. पळणे पूर्ण बंद करण्याऐवजी तूर्त घाट वगळून सपाटीवर कमी अंतर पळावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळची कळ नेहमीपेक्षा वाढली असेल, तर ते अंतर आणखी कमी करावे.

घाटवाट :
वरील सल्ला पूर्ण झाल्यावरच बुटांकडे वळावे. पावलाची कमान पाहून बूट ठरवण्याची पद्धत दुकानांत रुळलेली असली, तरी अमेरिकी सैन्यदलांनी नव्याने भरती झालेल्यांवर ती तपासून पाहिली, तेव्हा कमानीप्रमाणे बूट दिलेल्यांच्या दुखापती काही कमी झाल्या नाहीत. त्यामुळे ओला तळवा फरशीवर उमटवून निघालेल्या निष्कर्षावर हजारो रुपये खर्च करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. घालून थोडे पळून पाहिल्यावर जो बूट पायाला कुठेच जाणवत नाही, तो आपला.

खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात, आणि पळताना वापरता तेच मोजे सोबत न्यावेत. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे, म्हणजे अनेकांच्या बाबतीत अंगठ्याशेजारच्या बोटापुढे, अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आपली स्पर्धा जितकी चढते तितकीच त्याच रस्त्याने उतरते, म्हणून नखांचा प्रश्न उतारावर येतो. बुटाच्या सर्वांत वरच्या जादा छिद्रांतून नाडीचा फास करून घोटा आवळला, की पाऊल पुढे सरकत नाही. उतारावर पावलेही आखूड टाकावीत. कार्बन प्लेटचे बूट वेगासाठी असतात आणि त्यांचा उंच, मऊ तळ पावसाने ओल्या झालेल्या वळणांवर डळमळीत वाटतो. टाच दुखत असताना अगदी सपाट बुटांकडेही एकदम वळू नये, कारण त्यांत पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर भार वाढतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळाचा फोम बसतो, वरून बूट नवा दिसला तरी.

आपल्याकडे अनवाणी पळण्याचेही कौतुक फार. माणमधील मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत उतरल्या, तेव्हा त्यांच्या पायांत स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट होते, हे अशा चर्चेत कोणी सांगत नाही.

सकाळची_फेरी :
सविस्तर उत्तरांबद्दल आभार. बाजूंनी दाबल्यावर टाच दुखत नाही, तरी या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवते. बुटात घालायचे मापाचे तळ, म्हणजे इनसोल, करून घ्यावेत का? पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्याही होतात.

पोटरी_आणि_पाऊल :
इनसोल घ्यायचेच असतील तर तयार मिळणारे घेऊन पाहा. मापाने बनवलेले कैक पटींनी महाग असतात आणि टाचदुखीत त्यांचा त्या मानाने अधिक फायदा दिसत नाही.

ओले_मोजे :
चिखल्या म्हणजे बहुधा बुरशीचा संसर्ग. मेडिकलमधून सांगून आणलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज लगेच थांबते, पण बुरशी पसरते आणि पुढे आवरणे अवघड होते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलेले केवळ बुरशीनाशक मलमच, सांगितले तितके दिवस लावावे. पळून आल्यावर बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात. सुती मोजे ओलावा धरून ठेवतात व फोडही आणतात, त्यांऐवजी पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे मिश्र मोजे वापरावेत. बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवल्यास गोंद सुटतो. आतले तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि ते भिजतील तसे बदलावेत. दोन जोड आलटून पालटून वापरता आले तर उत्तम. काळे नख ओढून काढू नका. आतून ठणकत असेल तर डॉक्टर रक्त मोकळे करून देतात, एरवी खालून नवे नख आले की ते आपोआप सुटते. बाकीची नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. आणि मधुमेह असल्यास यांतील कोणताही उपाय घरी करण्याआधी पाय डॉक्टरांना दाखवावेत.