मदत हवी आहे: सेकंडहँड इलेक्ट्रिक विमान चौघांत घ्यावं का? (रविवारच्या आत सांगा)

हवाहवाई:
नमस्कार मंडळी, पटकन सल्ला हवाय. आम्ही चौघं मित्र मिळून एक वापरलेलं वेलिस इलेक्ट्रो (दोन सीटचं छोटं इलेक्ट्रिक विमान) घ्यायचं म्हणतोय, विकणारा रविवारपर्यंतच थांबणारे म्हणून घाई. वीज स्वस्त, ऑइल नाही, प्लग नाहीत, आवाज कमी त्यामुळे शेजारपाजारचे तक्रारी करणार नाहीत. तासाला खर्च साधारण किती पडेल आणि परवडेल का एवढंच सांगा. पेट्रोलवाल्यांनी उपदेश करू नये ही नम्र विनंती.

रोटॅक्सवाला:
देश कुठला? लायसन कुठलं? हँगर आहे का उघड्यावर ठेवणार? चौघांत वर्षाला किती तास उडता? यातलं एक अक्षर लिहिलं नाहीस आणि उत्तर मात्र रविवारच्या आत.

कोथरूडकर:
माझ्या पुतण्याच्या ई-स्कूटरची बॅटरी दोन वर्षांत गेली. पौड रोडच्या चढावर बंद पडली. स्कूटर निदान ढकलता येते.

हवाहवाई:
@रोटॅक्सवाला सॉरी, नेदरलँड्स. आइंडहोवनला राहतो, विमान लेलीस्टाडला ठेवणार. चौघांकडे पीपीएल (खासगी पायलटचं लायसन) आहे. प्रत्येकी वर्षाला ३० तास धरा. आता तरी आकडा सांगा!

रोटॅक्सवाला:
घे आकडा. रोटॅक्स ९१२ हे पेट्रोल इंजिन तासाला १५-१७ लिटर पितं, लिटरला २ युरो धरले तर ३२च्या आसपास. तुझी वीज २२-२३ युनिट, ३० सेंटने ७ युरो. म्हणजे तासाला २५ वाचले, चौघांचे १२० तास म्हणजे वर्षाला ३००० युरो. इथवर तू खूश. पण बॅटरीचा फंड कुठाय? कारसारखं रेंज कमी झाली तर झाली, चालवून घेऊ असं इथे नसतं, बॅटरीची तब्येत ठरलेल्या मर्यादेखाली गेली की बदलायचीच. आपण नुसतं समजू की नवा सेट २०,००० ला पडला आणि ५०० तास चालला, तर तासाला ४० युरो झाले, वाचलेले २५ गेले आणि वर १५ खिशातून. खरं कोटेशन लेखी माग आणि हाच भागाकार कर. विकणाऱ्याला पहिला प्रश्न बॅटरीची तब्येत किती टक्के हा विचार, रंग कसाय ते नंतर बघ.

घार_हिंडते_आकाशी:
पैशाचं सोडा, नॉर्वेत असलंच विमान तळ्यात पडलं होतं, आत मंत्रालयातली बाई बसलेली. मी तर बसणार नाही बुवा.

चिकित्सक:
@घार अर्धवट माहिती देऊ नका. ते २०१९ चं, विमान अल्फा इलेक्ट्रो होतं, याच कंपनीचं आधीचं मॉडेल. आतले दोघंही सुखरूप बाहेर आले. वेलिसला जून २०२० मध्ये युरोपच्या ईएएसए या विमानसुरक्षा संस्थेने टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला उडण्याची मान्यता) दिलं, पूर्ण इलेक्ट्रिक विमानाला मिळालेलं जगातलं पहिलं. दोन बॅटऱ्या, एक नाकात आणि एक सीटमागे, पाण्याने थंड होणाऱ्या.

घार_हिंडते_आकाशी:
सर्टिफिकेट पोहायला उपयोगी पडतं का?

पायलटकाका:
पोरांनो भांडू नका. @हवाहवाई बाळा, उडून जाणार कुठे हे कुणी विचारलंच नाही तुला.

हवाहवाई:
काका, शनिवारी टेक्सेल बेटावर जायचं, पॅनकेक खायचा, परत यायचं. सगळे तेच करतात.

पायलटकाका:
तिथेच घोडं पेंड खातंय. लेलीस्टाड ते टेक्सेल सरळ रेषेत ४५ नॉटिकल मैलांच्या वर. ९० नॉटने (तासाला ९० नॉटिकल मैल) अर्धा तास, आणि समोरून २० नॉटचा वारा आला (तो तिकडे येतोच) की ४० मिनिटं. कंपनी म्हणते ५० मिनिटं अधिक रिझर्व्ह (राखीव वेळ), पण ती सगळं अनुकूल असताना. टेकऑफची पूर्ण ५७.६ किलोवॉट ताकद लावून ठेवलीस तर २४.८ युनिटची बॅटरी २५-२६ मिनिटांत रिकामी. चढाईतच बराच जीव जातो. पोचशील कदाचित, पण परतीला तिथे चार्जर हवा आणि रस्त्यावरच्या कारच्या चार्जरची पिन याला थेट बसत नाही. आधी फोन करून विचार. नाहीतर पॅनकेक खाऊन बोटीने घरी.

गगनभेदी:
एवढे पैसे घालण्यापेक्षा पॅराग्लायडिंग करा, कामशेतला या, बॅग पाठीला लावली की झालं, ना चार्जर ना हँगर.

चिकित्सक:
मी काकांशी पूर्ण सहमत नाही. टेक्सेलसाठी हे विमान बनलेलंच नाही. पण लँडिंगच्या प्रॅक्टिसला, एअरफील्डभोवती फेऱ्या मारायला उत्तम आहे, आवाज खरंच कमी. ट्रेनिंग स्कूल घेतात ते उगाच नाही.

रोटॅक्सवाला:
स्कूलचं गणित वेगळं, त्यांचं विमान रोज उडतं. याचं आठवड्यातून एकदा. बरं, वजन किती तुमचं?

हवाहवाई:
वजनाचा काय संबंध??

रोटॅक्सवाला:
सांग तर.

हवाहवाई:
माझं ८६. बरोबर बहुतेक वेळा पराग असतो, तो ९४.

रोटॅक्सवाला:
१८०. आता ऐक. कमाल वजन ६००, बॅटरीसकट रिकामं विमान ४२८, उरले १७२. पेट्रोलच्या विमानात टाकी अर्धी भरून वजन जुळवता येतं. बॅटरी अर्धी चार्ज केली तरी तेवढीच जड, आणि उडताना हलकी होत नाही ती. म्हणजे तू आणि पराग कपडे काढून बसलात तरी ८ किलो जास्त.

कोथरूडकर:
=)) =)) परागला घरी ठेवा.

नुसताच_वाचक:
अवांतर: कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडियाला मांडलं होतं. तुम्ही चौघं इंजिनियर असाल तर घरीच का नाही बांधत? मोटर बसवायची.

चिकित्सक:
@नुसताच_वाचक त्यांना नोंदणी मिळायला किती वर्षं खेटे घालावे लागले ते वाचा आधी. इथे माणसाला रविवारच्या आत हवंय.

आईसाहेब_नाशिक:
माझा मुलगा बारावीला आहे, पायलट व्हायचं म्हणतो, चष्मा आहे -२.५. डीजीसीएच्या (भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या) मेडिकलला चालतो का? कृपया सांगावे.

पायलटकाका:
ताई, चष्म्याने दृष्टी पुरती सुधारत असेल तर सहसा अडत नाही, पण वेगळा धागा काढा, तिथे नीट लिहितो.

हवाहवाई:
काल परागला वजनकाट्यावर उभा केला. ९७ निघाला. विकणाऱ्याला बॅटरीची तब्येत विचारली तर म्हणाला "चांगली आहे", टक्के सांगेना. रविवार सोडून दिला. वेलिस तासावर भाड्याने मिळालं तर एकेकट्याने इन्स्ट्रक्टरबरोबर उडवून बघू, आणि टेक्सेलसाठी रोटॅक्सवाल्या विमानात शेअर शोधतोय. @रोटॅक्सवाला तुझ्या ओळखीत कुणी विकतंय का?

रोटॅक्सवाला:
आहे एक. पण आधी चौघांची वजनं टाक.

आईसाहेब_नाशिक:
वेगळा धागा कुठून काढायचा?