अनुभव धागा: चैत्रात शेतघराचं स्वयंपाकघर कसं सजवता?

जुन्नरजवळ आमचं शेतावरचं घर आहे. माजघरामागे लांबट, काळोखं स्वयंपाकघर, उजेडाला एकच खिडकी. गेल्या पाडव्याला ते ताज्या पानाफुलांनी सजवायचं मनात आलं. आंब्याला नुकती तांबूस पालवी फुटली होती, इतकी तुकतुकीत की हात तिच्याकडेच गेला. सकाळी आठला तोरण बांधलं, पुरणाचा कुकर लावला, आणि अकराच्या आत पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायला लागली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. परसातून गडद हिरवी, जून पानं देठासकट घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. पान मधोमध दुमडून सुतळीवर घालायचं, देठाचं टोक दोन्ही थरांतून टोचून घ्यायचं, झालं. सुई नको, दोरा नको. ते तोरण नंतर वाळून खडखडीत झालं, पण आठ दिवस एक पान गळलं नाही.

अशा गोष्टी घराघरांत असतात, लिहिलेल्या मात्र सापडत नाहीत. म्हणून हा धागा. काय लावलंत, कुठे लावलंत, किती दिवस टिकलं, वाफेचं आणि धुराचं काय केलंत, सगळं सांगा. प्लास्टिकची तोरणं तेवढी नकोत.

सिंधुदुर्गातून

आमच्याकडे चैत्र म्हणजे सुरंगी. झाडाच्या फांद्यांना चिकटूनच कळ्यांचे झुबके येतात, आणि उमलायच्या आत, भल्या सकाळी त्या काढाव्या लागतात. आई त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, करायची. एक देवाला, एक स्वतःच्या केसांत आणि एक माठाच्या गळ्यात. माठाच्या गारव्यामुळे की काय, तिथला वास दिवसभर जायचा नाही. पाणी प्यायला वाकलं की सुरंगी. वाळल्यावरही ती घमघमते, त्यामुळे आमचा वळेसर पावसापर्यंत खुंटीवर असायचा.

एकदा मी आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, चुलीच्या वरच्या दांडीला बांधले होते. आजी म्हणाली, "थंय काय टांगू नको गो, धुरान सगळा काळा पडतला." तसंच झालं. शिवाय ती जागा आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायच्या, सुकवणाची. हिरवं असेल ते घडवंचीकडे आणि खिडकीकडे, हा तिचा नियम मी आजही पाळते.

वर्ध्याहून

पळस फुलला की राहवत नाही. मी दोनदा फांद्या तोडून तांब्यात लावल्या, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पाकळ्यांचा सडा. आता फांदी तोडतच नाही. झाडाखाली पडलेली फुलं वेचून पितळी परातीत पाणी घालून सोडते. अंधाऱ्या स्वयंपाकघरात ती परात पेटल्यासारखी दिसते. पाणी संध्याकाळी बदलायचं, एवढंच.

आणि कडुनिंब. गुढीला लावून उरलेले डहाळे टाकू नका. सावलीत वाळवून पाला गव्हाच्या कोठीत घाला, किडीचा त्रास कमी होतो.

साताऱ्याकडून, जरा गंभीर

हौसेच्या भरात माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. बांधावर गुलाबी कण्हेर फुललेली. मी तिच्या फांद्या पाण्याच्या हंड्याशेजारी लावल्या. दुपारी शेजारच्या काकू ताक द्यायला आल्या, त्यांनी हंड्यात तरंगणारी दोन पानं पाहिली आणि न विचारता सगळं पाणी मोरीत ओतलं. कण्हेरीचं पान, फूल, खोड सगळंच विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारं. घरात तेव्हा माझा तीन वर्षांचा भाचा होता. आजही तो हंडा आठवला की पोटात गोळा येतो. रुईचंही तेच, चीक डोळ्यात गेला तर अतिशय वाईट. जे ताटात चालत नाही ते स्वयंपाकघरात आणायचं नाही, असं मी ठरवून टाकलंय. कढीपत्ता, गवती चहा, हळदीचं पान, केळीचं पान, पुदिना, एवढ्यात घर छान भरतं.

पेनसिल्व्हेनियातून

इथे एका जुन्या फार्महाऊसच्या मागच्या भागात भाड्याने राहतो. २०२३ चा पाडवा २२ मार्चला होता आणि अंगणातलं एकही झाड फुटलेलं नव्हतं. घरमालकीण आजींनी दहा-बारा दिवस आधीच मला फोर्सिथिया नावाच्या झुडपाच्या काटक्या कापायला लावल्या होत्या. अगदी वाळक्या जळणासारख्या. देठ तिरके कापून कोमट पाण्यात, खिडकीपाशी. पाणी दर दोन दिवसांनी बदललं. थंडी पुरेशी खाऊन झालेली फांदी घरातल्या उबेत लवकर जागी होते, असं त्या म्हणाल्या. पाडव्याच्या सकाळी सिंकवर पिवळ्या फुलांचा नुसता बहर होता आणि त्याच्या शेजारी आमची छोटी गुढी. बायको रडली.

वरच्या ताईंना धरून एक: डॅफोडिलचे कंद हुबेहूब कांद्यासारखे दिसतात आणि ते विषारी असतात. कांद्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका.

नाशिकहून

फार काही नाही. कोंब फुटलेले कांदे आणि लसूण काचेच्या पेल्यांत पाण्यावर बसवते. हिरवी पात वाढते, कात्रीने कापून थालीपिठात.

राजापूरहून

आमची चैत्रगौर स्वयंपाकघरातच बसते, कारण देवघर तिथे आहे. शुद्ध तृतीयेला पितळी झोपाळ्यात बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर ती आमच्यासमोर. महिनाभर फुलांची आरास टिकवणं जमत नाही, म्हणून सासरे कैऱ्यांचे घोस पानांसकट उतरवतात आणि झोपाळ्याच्या वरच्या वाशाला उलटे बांधतात. तोडताना देठ लांब ठेवायचा, नाहीतर चीक गळून कैरी डागाळते. पानं चार दिवसांत मलूल होतात, ती काढून नवा टाळा खोचायचा. कैऱ्या मात्र तशाच लोंबत असतात आणि रोज एखादी कमी होते. पाहुणी आली, पन्ह्याला एक काढली. हळदीकुंकवाला डाळ वाटायची, चार काढल्या. धाकटा रोज मोजतो. गेल्या वर्षी शेवटच्या आठवड्यात वाशाला एकच उरली होती, पिवळी पडत चाललेली, आणि ती कोणालाही काढू द्यायला तो तयार नव्हता. अक्षय्य तृतीयेला गौरीपुढे ठेवली, मग त्यानेच कापली. सात जणांत सात फोडी.