वैशाखी : सुगीचा सण की खालसा पंथाचा स्थापनादिन?

प्रश्न : वैशाखी हा पंजाबातील रब्बीच्या सुगीचा सण असल्याचे वाचले होते, मग शीख बांधव तो खालसा पंथाचा, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांच्या समुदायाचा, स्थापनादिन म्हणून का पाळतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : दोन्ही खरे आहे. गव्हाची कापणी याच सुमारास सुरू होते. मात्र १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगांनी भरसभेत तलवार उपसून शीर मागितले आणि एकामागून एक पुढे आलेले पाच जण ‘पंज प्यारे’ ठरले. लोखंडी पात्रातील पाण्यात बत्तासे घालून, ते खंड्याने म्हणजे दुधारी शस्त्राने ढवळून तयार केलेले अमृत गुरूंनी त्यांना दीक्षा म्हणून दिले व नंतर त्यांच्याच हातून स्वतःही घेतले. हीच खालसा पंथाची स्थापना. माझ्या मते सणाचा गाभा गुरूंनी शिष्यांच्या हातून अमृत घेण्यात आहे.

प्रतिसाद २ : त्या पाचांपैकी भाई साहिबसिंग मराठवाड्याला लागून असलेल्या बिदरचे होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

प्रतिसाद ३ : सण सौर कालगणनेनुसार असल्याने तो गुढीपाडव्यासारखा मागेपुढे होत नाही, १३ किंवा १४ एप्रिललाच येतो. त्या दिवशी निशाण साहिबचे, म्हणजे गुरुद्वाऱ्यातील ध्वजाचे, जुने वस्त्र उतरवून स्तंभ दूध-पाण्याने धुतात आणि नवे वस्त्र चढवतात. नगरकीर्तन आणि लंगर तर असतातच.