मार्क 2: छप्पर उकरलं म्हणजे नेमकं काय केलं?

जालन्याची ताई
जय ख्रिस्त. मी जालन्यात रविवारी मुलांना पवित्र शास्त्र शिकवते. परवा मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घेतला. कफर्णहूमच्या घरात दाराशीही जागा नाही, म्हणून चौघांनी छप्पर उकरून पक्षघाती माणसाची बाज खाली सोडली. पोरं विचारतात, पत्रा काढला का स्लॅब फोडला? लूक 5 उघडलं तर तिथं कौलं! घरातलं जुनं भाषांतर आणि मोबाइलवरचं नवं, दोन्ही वाचून गोंधळ वाढलाच. ग्रीक न येणाऱ्यानं हे समजून घ्यायचं कसं?

अंबडकर
ताई, माझं आजोळ अंबड तालुक्यात, माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं घर. तुळयांवर किलच, म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी मामा नवी माती टाकून चोपायचे. कोपरा गळायला लागला की कुदळीनं माती उकरायची, किलच सरकवायचं. वरून थेट खालची चूल दिसायची. कफर्णहूमच्या खोदकामात सापडलेली घरं याच जातीची आहेत. भिंती आपल्यासारख्याच काळ्या पाषाणाच्या, वर लाकडं, फांद्या न् माती, आणि माळवदावर जायला बाहेरून पायऱ्या. म्हणून मार्क ‘उकरलं’ म्हणतो ते अगदी शब्दशः घ्या.

कौलांचा फरक मूळ ग्रीकमध्येच आहे, भाषांतरकारांना बोल लावू नका. लूकच्या वाचकांना कौलारू घरं ओळखीची म्हणून त्यानं तसं लिहिलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.

एकदा माळवद डोळ्यांपुढं आलं की बाकीचंही उलगडतं. यरीहोतल्या राहाबेनं इस्राएली हेरांना जवसाच्या ताटांखाली लपवलं ते माळवदावरच (यहोशवा 2). घराला वर कठडा बांधा, कुणी पडून मरायला नको, ही आज्ञा अनुवाद 22:8 मध्ये आहे. पेत्र प्रार्थनेला वर गेला, तो प्रेषितांची कृत्ये 10 मध्ये. आमच्याकडं कुरडया वाळवायला आणि उन्हाळ्यात झोपायला सगळं घर वरच असायचं, त्यामुळं मला यात काही परकं वाटलंच नाही.

बीडहून
अंबडकर, पटलं. पण गावाकडच्या अनुभवावर सगळंच निभत नाही. वाटेत जखमी पडलेल्याला शोमरोनी माणसानं मदत केली, तो चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक 10) ऐकून लोक का चमकले असतील, हे माळवदावरून कळणार नाही. त्याला योहान 4:9 वाचावं लागतं; यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नव्हते, हे तिथं सरळच लिहिलंय. शास्त्राची अडचण बऱ्याचदा शास्त्रच सोडवतं, फक्त एका वचनावर अडून बसू नये. तसे वचनांचे आकडेसुद्धा मूळचे नाहीत, नव्या करारात ते 1551 साली घातले गेले.

आणि ताई, दोन्ही भाषांतरं जवळ ठेवाच. तुमचं जुनं कदाचित पंडिता रमाबाईंचं असेल; त्यांनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 ला त्या गेल्या, छापील प्रत 1924 ची. एवढ्या कष्टाचं काम कपाटात पडून राहू नये. दोन भाषांतरं जिथं जुळत नाहीत, तिथं मुळातच काहीतरी अवघड असण्याचा संभव जास्त. तिथं पाळकसाहेबांना गाठा.

जालन्याची ताई
दोघांचेही मनापासून आभार. आमच्या मंडळीतल्या एका आजींचं घर अजून माळवदाचं आहे. येत्या रविवारी पोरांना तिथंच नेते, आजींना विचारलंय. शोमरोन्याचा दाखला पाचवी-सहावीच्या पोरांना योहान 4 च्या आधी घ्यावा का नंतर?