आईची कातडी भेगाळली, केस कडब्यासारखे झाले. खाण्यात काही कमी पडतंय का?

वेचणीवाली:
नमस्कार. आमचं गाव घाटंजी तालुक्यात. मी शिकायला अमरावतीला असते. दिवाळीला घरी आले तर आईचे हात पाहून दचकलेच. नडग्यांवर खवले, कोपरावर बारीक काटेरी पुरळ, टाचा तर विचारूच नका. केस पूर्वी दाट होते, आता वाळल्या कडब्यासारखे राठ आणि विंचरताना पुंजके निघतात. ती म्हणते, थंडी लागली म्हणून. पण हे सुरू झालं भर पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी. तेव्हा कुठली थंडी?

वय ४६. दिवसभर कापूस वेचते. खाणं म्हणजे सकाळी काळा चहा, दुपारी वावरात भाकर-ठेचा, रात्री भाकर आणि वरण, तेही सगळे जेवल्यावर उरेल ते. सोमवार आणि एकादशीला उपास, त्यात साबुदाणा. दूध घरात येतं, पण ते भावाला. गावातल्या मेडिकलवाल्याने केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्यात, दहा दिवस झाले घेतेय. फरक शून्य. खरंच एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल का? असेल तर कोणत्या, आणि आधी कोणती तपासणी करावी?

दारव्हेकरीण:
बाई, माह्या नणंदेचं अस्संच झालतं. आमी दोन महिने खोबऱ्याचं तेल चोपडलं, नंतर कळलं रक्तच नव्हतं आंगात. एक इचारू? तुही माय कच्चे तांदूळ, खडू नाईतं माती असं काई खाते का? लाजून सांगत नाईत बाया. आन नखं पाह्य, मदात खोलगट झाली का ते.

वेचणीवाली:
अगं ताई, तांदूळ निवडताना मूठभर तोंडात टाकते! आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. नखं आताच पाहिली. अंगठ्याचं नख मधोमध दबलेलं आहे, पाण्याचा थेंब ठेवला तर तिथेच राहील असं.

लॅबवाला:
मी आरोग्य केंद्रात रक्त तपासतो, डॉक्टर नाही. कच्चे तांदूळ खाण्याची ओढ आणि चमच्यासारखी नखं, या दोन्ही गोष्टी लोह कमी असल्याकडे बोट दाखवतात. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. केंद्रात ही तपासणी फुकट होते. साठवलेलं लोह कळायला फेरिटिन करतात, ते बहुतेक बाहेर करावं लागतं.

पण लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, आणि त्यात रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असतं. त्यासाठी आधी सोल्युबिलिटी टेस्ट करून घ्या, तीही केंद्रात होते.

दुसरं म्हणजे थायरॉईड. कातडी कोरडी, केस राठ, भुवयांची बाहेरची टोकं विरळ, बद्धकोष्ठ, आवाज जड, उन्हातही थंडी वाजणे, असं असेल तर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करायलाच हवी. आणि ते बायोटिन रक्त द्यायच्या किमान दोन-तीन दिवस आधी बंद करा. जास्त डोसच्या बायोटिनने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. माझ्याकडे असे रिपोर्ट आलेत, आणि पेशंट गोळीबद्दल सांगतच नाही.

जुना_मास्तर:
कोपरावरच्या काटेरी पुरळाबद्दल. आमच्या लहानपणी याला बेडकाची कातडी म्हणत. जीवनसत्त्व 'अ' आणि चांगल्या तेलातली स्निग्धाम्लं कमी पडली की केसांच्या मुळाशी असे खडे येतात. सांजवेळी अंधुक दिसतं का, हे आईला विचार. घरचं जवस, तीळ, शेंगदाणा आपण सोडून दिलं आणि पिशवीतल्या तेलाची चार थेंब फोडणी राहिली. जवसाची चटणी आता पाहुण्यालाच होते! शेवग्याचा आणि राजगिऱ्याचा पाला, तरोटा, पपई, यातलं कॅरोटिन (अंगात त्याचंच 'अ' जीवनसत्त्व होतं) फुकटात मिळतं, फक्त त्यावर थोडं तेल हवं, नाहीतर ते अंगी लागत नाही.

आता भाकरीच्या ज्वारीबद्दल. १९६० साली गोपालन आणि श्रीकांतिया या आहारसंशोधकांनी मांडलं होतं की ज्वारीच्या प्रथिनातल्या ल्युसिनमुळे नायसिन या जीवनसत्त्वाचं गणित बिघडतं आणि त्याच्या कमतरतेचा पेलाग्रा हा आजार होतो. पण त्यातली कातडी उन्हात उघड्या राहणाऱ्या भागावर काळवंडते, मानेभोवती माळ घातल्यासारखी. सोबत जुलाब आणि डोक्यावर परिणाम. तुझ्या आईचं वर्णन तसं नाही. तेव्हा ज्वारीवर आळ घेऊ नका, भाकरीसोबत काय खातो ते पहा.

बोंडअळी_नको:
कमीच असतं असं नाही, जास्तही असतं. शेगाव तालुक्यातल्या गावांत डिसेंबर २०२४ पासून लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडलं, आठवतं? डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हात सेलेनियम जास्त आणि लोकांच्या रक्तात जस्त कमी सापडल्याचं सांगितलं होतं. केस गळतात म्हणून 'केसांच्या' गोळ्या गिळायच्या आधी त्यात काय आहे ते वाचा. सेलेनियम त्यातही असतं.

वेचणीवाली:
आज गेलो होतो. हिमोग्लोबिन ८.४. सोल्युबिलिटी निगेटिव्ह. बायोटिन बंद करून आज पाचवा दिवस, टीएसएचचा नमुना पाठवलाय, रिपोर्ट यायचा आहे. डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारलं, तेव्हा कळलं की आईला वर्षभरापासून दहा-दहा दिवस जातंय. मलाही सांगितलं नव्हतं. सोनोग्राफी करायला सांगितलीय. सांजवेळी दिसायला त्रास नाही म्हणाली. लोह-फॉलिकच्या गोळ्या दिल्यात, कॅल्शियमही. कशा घ्यायच्या?

लॅबवाला:
दोन्ही एकत्र नको. लोहाची गोळी रात्री जेवण झाल्यावर लिंबाच्या पाण्याने, कॅल्शियमची सकाळी. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा बंद. हे सगळ्यात अवघड काम असतं, बाया गोळी सोडतील पण चहा नाही. केसांचं लगेच पाहू नका, मुळातून नवे यायला चार-सहा महिने लागतात.

दारव्हेकरीण:
आन तिले पयले जेवू द्या. आमच्या घरी नणंदेचं ताट पयले वाढाले लागलो, सासूनं तोंड वाकडं केलं चार दिवस, मंग आलं वयणावर. फुटाण्याची पुडी बी द्या तिच्यासंग वावरात.

वेचणीवाली:
दूध आता दोन वाट्यांत. भाऊ कुरकुरला, पण पितोय गुपचूप. एक विचारायचं राहिलं. गोळ्या सुरू झाल्यापासून आईला शौचाला काळी होते, म्हणून ती दोन दिवस गोळी घेतलीच नाही.

लॅबवाला:
लोहाने काळी होणारच, घाबरायचं नाही. डांबरासारखी चिकट असेल, चक्कर येत असेल तर मात्र लगेच दवाखान्यात. नाहीतर गोळी आज रात्रीच द्या. लिंबू आहे ना घरी?

वेचणीवाली:
आहे. परसात झाडच आहे.