दिंडीतल्या टोप्यांना चमकणारी पट्टी लावायची आहे, कशी लावावी?

शाहूवाडीकर
राम कृष्ण हरी. आमच्या गावची पायी दिंडी दरवर्षी कार्तिकीला पंढरपूरला जाते. कार्तिकीत दिवस लहान, सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि मुक्काम गाठेपर्यंत बऱ्याचदा अंधार पडलेला असतो, पहाटे काकडा करून निघालं की परत तेच, वर धुकं. २०२२ ला सांगोल्याजवळ जुनोनीत संध्याकाळच्या वेळी कार दिंडीत घुसली आणि ७ वारकरी गेले, तेव्हापासून आमच्यात दरवर्षी हा विषय निघतो. जॅकेट वाटून झाली पण म्हातारी माणसं वरून शाल नाहीतर घोंगडं घेतात, पाठीला पडशी असते, जॅकेट पार झाकून जातं. म्हणून म्हणतोय डोक्यावरच काहीतरी करू, टोपीला आणि फेट्याला रिफ्लेक्टरची पट्टी. कसली घ्यायची, शिवायची का चिकटवायची? आणि बायकांचं काय, त्यांच्या डोक्यावर पदर आणि त्यावर तुळस.

सेफ्टीवाला
माऊली, डोकं ही जागा चांगलीच आहे, तिथं काही आड येत नाही. पट्टी पूर्ण गोल फिरवा, नुसती पुढं लावली तर मागच्या गाडीला काय उपयोग, आणि धोका मागनंच जास्त.

सेफ्टी शूज, हेल्मेट विकणाऱ्या दुकानात चंदेरी कापडी टेप मीटरवर मिळते, २ इंची असते, टोपीला १ इंची पुरते. ती शिवूनच घ्या. इस्त्रीने चिकटवायची पण येते, पण आपल्या टोप्या खळ घालून कडक इस्त्री करायच्या, तिथं ती टिकत नाही. त्या टेपवर काचेचे बारीक मणी बसवलेले असतात, डोळ्याला दिसत पण नाहीत, गाडीचा उजेड ते आला तिकडंच परत फेकतात म्हणून ड्रायव्हरला ती पेटल्यासारखी दिसते. पांढरी टोपी उजेड चहूकडं विखुरते, ड्रायव्हरच्या वाट्याला थोडाच येतो, त्यामुळं टोपी पांढरी आहे म्हणजे दिसेलच असं धरून चालू नका. हे मणी ब्लीचने, घासण्याने आणि थेट इस्त्रीने जातात. टेपवर इस्त्री फिरवायची नाही, साध्या साबणात हाताने धुवायची. पावसात पण या टेपची चमक बरीच उतरते.

घेताना दुकानातच बघायचं असेल तर मोबाईलची टॉर्च कानशिलाजवळ, डोळ्याच्या लेव्हलला धरून लांबून टेपकडं बघा. टॉर्च हातात खाली धरली तर चांगली टेप पण मंदच दिसते, उजेड डोळ्याकडं न येता टॉर्चकडं परत जातो.

रातपाळी_टेम्पो
मी रात्रीचा भाजीचा टेम्पो चालवतो, मिरज पंढरपूर रस्ता माझ्या रोजच्यातला आहे म्हणून कळकळीनं सांगतो. टोपी करा पण नुसत्या टोपीवर राहू नका. समोरून गाडी असली की आम्ही डिपरवर असतो आणि डिपरचा उजेड खाली रस्त्यावर पाडलेला असतो, माणसाच्या डोक्यापर्यंत लांबून तो फारसा पोचतच नाही, पहिल्यांदा दिसतात ते पाय. आणि दुसरं म्हणजे लांब एकच चमकणारं काहीतरी दिसलं तर ते किलोमीटरचा दगड आहे का झाडाला मारलेला रिफ्लेक्टर आहे ते कळत नाही. घोट्याजवळ दोन पट्ट्या चालताना वरखाली होताना दिसल्या की लगेच समजतं माणूस चाललाय, पाय आपोआप ब्रेकवर जातो.

६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. बघून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, पुढं गाडी थांबायला रस्ता, सगळं मिळून ४५ मीटर कोरड्या रस्त्यावर. ८० ला ७० मीटर होतात. गडद कपड्यातला माणूस डिपरवर बऱ्याचदा त्याच्या आतच दिसतो, मग आमच्या हातात काही उरत नाही हो.

अजून एक, दिवेलागणीला निम्म्या गाड्यांचे लाईट बंद असतात. लाईट नाही तर रिफ्लेक्टर पण नाही. त्या वेळेला भडक फ्लोरोसंट रंग कामाला येतो, नारिंगी नाहीतर पोपटी. अंधारात मात्र त्याचा उपयोग नाही, दोन्ही लागतं.

एस्पूहून_मानसी
मी फिनलंडला असते. इथे हिवाळ्यात दुपारी तीन-चारलाच अंधार होतो आणि अंधारात चालणाऱ्याने रिफ्लेक्टर वापरायचा असा बरीच वर्षं कायदाच होता. लहान मुलांच्या जॅकेटला दोन्ही बाजूंनी दोऱ्याला छोटे रिफ्लेक्टर लटकवलेले असतात, साधारण गुडघ्याच्या उंचीवर येतील असे, चालताना हलतात आणि फिरतात त्यामुळे पटकन नजरेत भरतात. आजी-आजोबांच्या कोटालासुद्धा असतात. विणलेल्या टोप्यांमध्ये चमकणारा धागा घातलेला मिळतो, पण वरच्या टेम्पोवाल्या दादांचं मला पटतं, इथेही भर खालच्या बाजूवर असतो. पडशीच्या बंदाला किंवा धोतराच्या बाजूला असं लटकवता येईल की.

शाहूवाडीकर
सगळ्यांचे आभार. नारिंगीचं ऐकून बरं वाटलं, भगव्याच्या जवळचा रंग म्हटल्यावर जुनी माणसं पण नाही म्हणणार नाहीत. नारिंगी पट्टी आणि तिच्या मधोमध चंदेरी टेप असं शिवून घेतो. बायकांचं मात्र अजून सुटलं नाही.

तुळशीवाली
दादा, बायकांचं आधी करा. आमच्या दिंडीत पुढं पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी आणि त्यांच्या मागं आम्ही, म्हणजे मागनं गाडी आली तर पहिल्या आम्हीच. पदराला टेप शिवू नका, रोजचं लुगडं कोण देणार शिवायला. दोन बोटं रुंद इलॅस्टिकवर टेप शिवा, मागं वेल्क्रो लावा, पदर घेतला की वरून कपाळाभोवती बांधायचं. घाम येतो म्हणून आतून सुती कापड लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणी बांधणार नाही. तुळशी वृंदावनाच्या बुडाला गोल टेप मारा, ती चिकटवायची चालते. पायात तोडे घालतो तिथं तसलाच पट्टा, पण लुगड्याच्या काठाआड झाकला जाईल असा नको, काठाच्या खालून दिसला पाहिजे. आणि सगळ्यात मागं चालणाऱ्या दोघीतिघींकडं सायकलला लावतात ती लाल उघडझाप करणारी लाईट द्या, गाडीवाल्याने लाईट लावलेले नसले तरी ती दिसते. सेल रोज मुक्कामाला बघायचं काम एका पोराकडं नेमून द्या.